गोळी लपते, पंप दिसतो

१२ जानेवारी २०२५, वाशी (जि. धाराशिव)

औषध कंपन्यांचे एमआर दर जानेवारीला डायऱ्या देतात. सव्वीस वर्षं वाशीच्या मेडिकलच्या काउंटरवर उभा आहे आणि सव्वीस वर्षं त्या डायऱ्या भाच्या-पुतण्यांना वाटल्या. यंदाची ठेवून घेतली. माझ्या लेकीचं, अक्षदाचं लग्न जमवायचं आहे. कोण बघायला आलं, काय बोललं, कुणाला काय निरोप दिला, हे माझ्या डोक्यात राहत नाही. डोक्यात सगळी गोळ्यांची नावं भरली आहेत.

आज पहिले पाहुणे आले, भूमकडचे. मुलगा पतसंस्थेत क्लार्क. आमची अक्षदा चोवीस वर्षांची, बालवाडीत शिकवते, बोलायला गोड. सगळं सुरळीत चाललं होतं. पण माझ्या बायकोनं, मंजुषानं पोह्यांना फोडणी दिली, मिरची जळाली आणि पोरीची छाती भरून आली. नवव्या वर्षापासून तिला दमा आहे. ती गुपचूप मागच्या खोलीत गेली, पंप तोंडाला लावला आणि दोनदा ओढला. नेमकी त्याच वेळी मुलाची मावशी हात धुवायच्या निमित्तानं मागं गेली. परत आली तेव्हा तिचं तोंड बदललेलं होतं. पोहे तसेच बशीत राहिले.

मंजुषाला खूप बोललो. बिचारीनं मिरची थोडीच मुद्दाम जाळली. पण माझं असंच आहे, राग आला की समोर असेल त्याच्यावर निघतो.

१५ जानेवारी

भूमकडच्यांचा फोन आला. पत्रिका जुळत नाही म्हणे. आम्ही पत्रिका दिलीच नव्हती.

दुपारी दुकानात हरिबा आले. सत्तरीचे असतील. काउंटरवर वाकून कानात बोलल्यासारखं म्हणाले, “शिवशंकर, ती वस्तू दे की.” ती वस्तू म्हणजे दम्याचा पंप. मी नेहमीसारखा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला आणि त्यांनी तो धोतराच्या सोग्यात लपवला. हेच हरिबा बीपीची गोळी हॉटेलात चारचौघांत, चहाबरोबर, मोठ्या ऐटीत घेतात. गोळीची कुणाला लाज नाही. साखरेची असो, बीपीची असो, लोक सुपारीसारखी तोंडात टाकतात. पंप तोंडाला लावला की माणूस संपलाच, असं सगळ्यांना वाटतं. आमच्या माय, गजराबाई, आयुष्यभर मेंढरांमागं हिंडल्या, त्याही म्हणतात, “पंप म्हंजी शेवटचं औशद. त्येच्या म्होरं काय न्हाय.”

मी सव्वीस वर्षं बघतोय. गोळी लपते, पंप दिसतो.

३ फेब्रुवारी

अक्षदाला घेऊन बार्शीला गेलो. छातीच्या डॉक्टर राजेश्वरी मॅडम तिला लहानपणापासून बघतात. मी सरळ विचारलं, पंपाऐवजी गोळी द्या, लग्नाचं बघतोय. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“पंपातलं औषध थेट फुफ्फुसात जातं, म्हणून ते चिमूटभरच लागतं,” त्या म्हणाल्या. “गोळी आधी पोटात जाते, मग रक्तात, मग सगळ्या अंगात फिरते. छातीपर्यंत पोचायला ती कितीतरी जास्त द्यावी लागते आणि बाकीचं अंग फुकट भोगतं. ठिबकवर छान चाललंय ना तुमचं रान? मग पाट कशाला फोडता?”

अक्षदा हसली. मलाही ते पटलं, नाही असं नाही. मॅडम म्हणाल्या, पंप सकाळ-संध्याकाळ चुकवायचा नाही, त्यावर ती अगदी निरोगी माणसासारखी जगेल, लग्न, पोरंबाळं सगळं होईल, सासरच्यांना मोकळेपणानं सांगा. येताना एसटीत मी विचार करत होतो. मॅडम हुशार आहेत, पण त्यांना पोरगी उजवायची नाही. मला उजवायची आहे.

१४ फेब्रुवारी

ठरवलं. दुकानातून दोन प्रकारच्या गोळ्या आणल्या. एक बारीक पांढरी, स्टिरॉइडची. दुसरी श्वास मोकळा करणारी. चिठ्ठी कुणाची, तर माझीच. सव्वीस वर्षांत डॉक्टरांच्या इतक्या चिठ्ठ्या वाचल्या की एखादी मला लिहिता येणार नाही का? गोळ्या पाकिटातून काढून कॅल्शियमच्या डबीत भरल्या. कुणी विचारलं तर सांगायचं, हाडांच्या आहेत.

अक्षदा तयार नव्हती. म्हणाली, “आप्पा, मॅडमनी नको म्हटलंय ना?” मी म्हणालो, लग्न होऊन तिथं रुळेपर्यंतच. मग पंप काय, दवाखाना घरात आण. तिनं विचारलं, “रुळले हे कुणी ठरवायचं?” मी म्हणालो, मी सांगीन तेव्हा. तोवर पंपाला हात लावायचा नाही, असा तिच्याकडून शब्द घेतला. तिनं माझ्या हातावर हात ठेवून दिला. रोजचा आणि धाप लागल्यावरचा, दोन्ही पंप मी माझ्या कपाटात ठेवले.

झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ झाकायचं काम बापाचं.

२ मार्च

आज नळदुर्गाच्या पलीकडचे पाहुणे आले. तिकडं अर्धं गाव कानडी बोलतं. मुलगा बालाजी, वायरमन आहे, खांबावर चढून चढून हात राकट झालेले, पण मान खाली घालून बोलतो. वडील नाहीत. आई इरम्मा, हातात बक्कळ हिरव्या बांगड्या, बोलणं मोकळंढाकळं. आल्या आल्या अक्षदाला म्हणाल्या, “यव्वा, लांब का बसलीस, जवळ ये की.”

पोह्यांऐवजी शिरा केला होता. फोडणीच नको. पोरीची छाती स्वच्छ. इरम्मांनी विचारलं, “पोरीला काय दुखणं-खुपणं?” मी म्हणालो, “काही नाही. धडधाकट आहे.” मंजुषा माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं पाहिलं नाही. इरम्मा म्हणाल्या, “न्हाय, आसलं तरी काय वो, मानसालाच आसतंय. जनावरालाबी आसतंय.” किती सभ्य बाई! मी पुन्हा म्हणालो, “काहीच नाही.” त्या गप्प बसल्या.

पसंती तिथंच कळवली. वीस एप्रिलचा मुहूर्त धरला. मंजुषा रडली, मीही थोडा रडलो असेन.

१८ मार्च

अक्षदाचा चेहरा भरला आहे. गाल कसे गरगरीत झालेत! माय म्हणतात, “लगीन ठरलं की पोरीच्या अंगाला तेज चढतंय.” जेवणही वाढलंय, दोन भाकरी खाणारी चार खाते, मधेच उठून डबे उघडते. मंजुषाला हसू येतं. वर्षानुवर्षं ती हाडकुळी होती आणि मी तिच्याकडं बघून झुरत होतो. गोळीनं एवढा फरक पडतो हे आधी माहीत असतं, तर पंधरा वर्षं पंपावर घालवली नसती.

पत्रिकांवर नावं लिहायला बसवली तर तिचा हात थरथरत होता. तीन पाकिटं खराब झाली. म्हणाली, “आप्पा, छातीत धडधडतंय. झोप लागत नाही.” मी म्हणालो, कोणत्या नवरीला लागते? तर हसली. दिवसभर फोन कानाला असतो. जावईबापूंशी काय एवढं बोलते देव जाणे. मी खोलीत गेलो की बोलणं थांबवते. लाजते.

२ एप्रिल

शिंपिणीनं ब्लाउज परत दिले, सगळे घट्ट झालेत, उसवून शिवावे लागतील. बार्शीहून दवाखान्यातला फोन आला, अक्षदाची तपासणीची तारीख होऊन गेली म्हणून. सांगितलं, गावाला आहे, लग्नानंतर आणतो.

१८ एप्रिल

आज गोळ्या बंद केल्या. मीही इतका अडाणी नाही. स्टिरॉइड जास्त दिवस चांगलं नसतं हे मला माहीत आहे. दोन महिने झाले, छाती काचेसारखी स्वच्छ आहे. आता सासरी डबी नेली, कुणी उघडून बघितली, कुणी गोळीचं नाव वाचलं, तर नसती भानगड. शिवाय वायरमन शिकलेला आहे, मोबाइलवर नाव टाकलं की दोन मिनिटांत सगळं कळतं. अक्षदा म्हणाली, “एकदम बंद करायच्या? कमी कमी नको करायला?” मी म्हणालो, आता औषधाचं नावच नको. नव्या घरात स्वच्छ छातीनं जा.

हळद लागली तशी ती खरंच देखणी दिसत होती.

२० एप्रिल

लागलं लग्न. सगळं नीट पार पडलं. निघताना पोरगी गळ्यात पडली आणि सोडेना. मी म्हणालो, “शब्द लक्षात आहे ना?” ती म्हणाली, “आहे, आप्पा.”

घरात पाऊल ठेवलं तर तिच्या चपला दाराशी नव्हत्या. लग्न पाहावं करून म्हणतात, पण लग्नानंतरचं घर कसं पाहावं ते कुणी सांगत नाही.

२३ एप्रिल, संध्याकाळ

अक्षदाच्या सासरच्या बिरोबाला जाऊन आलो. नवं जोडपं संसाराला लागायच्या आधी कुलदैवताला नेतात, तशी आमचीही रीत आहे. आम्हालाही जेवणाचं आमंत्रण होतं. माळावरचं देऊळ, पुढं पत्र्याचा मांडव, भर दुपारचं ऊन. दोन ढोल, झांजा, गजीचा धनगरी नाच नाचणारी माणसं, आणि भंडारा. आमच्या लोकांना भंडारा उधळताना हाताचं भान राहत नाही. पोत्यानं हळद आणलेली. “बिरोबाच्या नावानं चांगभलं!” म्हणत ओंजळी जोडप्यावर रित्या होत होत्या. हवाच पिवळी झाली होती.

मी आणि मंजुषा मांडवाच्या कडेला बसलो होतो. मला दिसलं, अक्षदाचे खांदे वर-खाली होताहेत. पंधरा वर्षं बघतोय, मला लांबूनही कळतं. बालाजी तिच्याकडं वाकून काहीतरी म्हणाला, त्याचा हात शर्टाच्या खिशात होता. तिनं गर्दीतून माझ्याकडं पाहिलं. सगळी भावकी तिथं जमलेली, शंभरएक माणसं. मी हळूच मान हलवली. नको. शहाणी पोरगी, लगेच कळलं तिला. बालाजीला काहीतरी म्हणाली आणि पोटावर हात धरून खाली बसली. बायकांनी तिला सावलीत नेलं, इरम्मांनी गरम चहा पाजला. अर्ध्या तासानं ती बसून बोलत होती. जेवली नाही. उपवासानं आणि उन्हानं कुणालाही होतं, असं मी दोघा-तिघांना सांगितलं.

निघताना तिच्याजवळ गेलो. ओठ सुकले होते. म्हणाली, “आप्पा, थांबा ना आजच्या दिवस.” पण उद्या सकाळी दुकान उघडायचं होतं. वेळ निभावली याचं समाधान वाटलं.

२४ एप्रिल

अक्षदा गेली. सोलापूरला नेताना वाटेत. सकाळी सहाला फोन आला.

८ मे

दहावा, तेरावा झाला. माणसं येऊन गेली. सगळ्यांना सांगितलं, हृदयविकार. कुणी सांगितलं ते आठवत नाही, बहुतेक मीच.

तिकडं पोचलो तेव्हा तिला पडवीत ठेवलं होतं. कानामागं हळद होती. मंजुषानं पदर ओला करून ती पुसली आणि पुसतच राहिली. मी तिला थांबवलं नाही.

रात्रंदिवस एकच डोक्यात. मी गोळ्या एकदम थांबवल्या नसत्या तर? मी त्या दिल्याच नसत्या तर? दुकानात एक जाडजूड पुस्तक आहे, कुठल्या औषधाचा काय परिणाम ते सांगणारं. काल ते उघडलं. चेहरा सुजणं. भूक वाढणं. वजन वाढणं. दुसऱ्या गोळीखाली: हात थरथरणं, धडधड, झोप न लागणं. आणि शेवटी, दीर्घकाळ घेतल्यास अचानक बंद करू नये. हे पुस्तक सव्वीस वर्षं माझ्या पाठीमागच्या फळीवर होतं. अर्ध्या हळकुंडानं मी पिवळा झालो आणि पोरीचा जीव घेऊन बसलो.

मी म्हणालो होतो, चेहऱ्यावर तेज आलं.

१२ मे

बार्शीला गेलो. राजेश्वरी मॅडमना सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. वाटलं होतं रागावतील, पोलिसांत देईन म्हणतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेर पेशंट खोळंबले होते. म्हणाल्या, “ती नऊ वर्षांची होती तेव्हा मी तिला पंप ओढायला शिकवला. पहिल्या झटक्यात जमला होता तिला.” मग त्यांनी बेल वाजवून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी एसटी स्टँडवर बसून राहिलो. दोन गाड्या सोडल्या.

१७ मे

बालाजी आला होता. एकटाच, मोटरसायकलवर, एवढ्या उन्हात. अक्षदाची बॅग घेऊन आला. मंजुषानं पाणी दिलं आणि ती आत गेली. तो माझ्या समोर बसला. मग सगळं सांगितलं. जसं आठवतं तसं लिहितो.

“मामा, तिनं मला मार्चातच फोनवर सांगितलं व्हतं. दमा हाय म्हणून. रडत व्हती. म्या म्हणलं, त्यात काय एवढं? आमचे थोरले मामा वीस वरसं पंप वढत्यात, अजून ऊस तोडायला जात्यात. आईलाबी सांगितलं. आई म्हणली, इवाई लपवू लागलेत तर लपवू दे, आपण त्येंला उघडं पाडायचं न्हाय. लग्नानंतर आपुआप व्हईल.”

मी अक्षदाची बॅग जवळ ओढली.

“म्या पंप आणून ठिवला व्हता, नवा. बिरोबाला जाताना खिशात घेतला. भंडारा उधळाय लागल्यावर तिला त्रास झाला, म्या म्हणलं, घे, कोण बघतंय. तिनं तुमच्याकडं बघितलं. मग म्हणली, नको, पोटात दुखतंय जरा.”

तो खाली फरशीकडं बघत होता.

“संध्याकाळी परत म्हणलं, आता तर घरीच हाव, घे. म्हणली, आप्पांला शब्द दिलाय. ते सांगत्याल तवाच. उद्या सकाळी फोन करून इचारते म्हणली. म्या जबरदस्ती कराय पायजे व्हती. पर तीन दिसांचा संसार, मामा. म्या कशी जबरदस्ती करू?”

मी विचारलं, मग घेतलाच नाही का?

“घेतला. पहाटं. म्या तिच्या तोंडाला धरला. पर तवर वढायलाच दम राहिला न्हवता. औशद सगळं तोंडातच राहिलं.”

जाताना तो माझ्या पाया पडला. मी त्याला उठवलं. त्यानं मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, “आईनं सांगितलंय, मामींना घिऊन कदी या.” मी हो म्हणालो. कुठल्या तोंडानं जाणार?

१९ मे

मंजुषाला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण बालाजी येऊन गेल्यापासून दोन दिवस ते लपवता येईना. गोळ्यांचं तिला माहीत होतं. देवळातलं माहीत नव्हतं, असं मला वाटत होतं. अक्षदाचा बाप म्हणून माझं नाव अजून घरात होतं, ते आज संपेल असं धरून चाललो होतो.

दुपारी ती मधल्या खोलीत ज्वारी निवडत बसली होती. माय झोपलेल्या. मी तिच्या समोर बसलो आणि म्हणालो, “देवळात पोरीला धाप लागली तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं होतं. जावई पंप देत होते. मी मान हलवली. नको म्हणालो.”

मंजुषानं सूप खाली ठेवलं नाही. बोटं चालूच होती. म्हणाली, “मला म्हाईत हाय.”

“तुला दिसलं?”

“तुमच्याकडं बघायच्या आदी ती माज्याकडं बघितली हुती.” तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. “म्या डोळं वटारलं. लहानपनी पाव्हण्यांत काय मागितलं का वटारत हुते, तसं. म्हणून ती तुमच्याकडं वळली.”

मग तिचे हात थांबले. ती रडली नाही, मीही नाही. पोरीनं दोघांकडं मागितलं होतं. आम्ही दोघांनीही तिला नाही म्हटलं.